मुळेचे पाणी आणि चौलचा बाजार

शिक्षकाला धडा शिकवायचे काम मुलेच करतात. एकदा पाचवीच्या वर्गात मी नद्या शिकवीत होतो. फळ्यावर मुळेची रेघ ओढली, पुण्याला ती मुठेला मिळवली, पुढे भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडली. हात झटकून मागे वळलो, तो मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा. म्हणाला, "गुरुजी, आमच्या धरणाचं पाणी तर भिऱ्याला जातं. माझा मामा तिथं कामाला आहे."

वर्ग हसला. पण पोरगे खरे बोलत होते. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले आहे. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून ते खाली भिऱ्याच्या वीजघरावर कोसळते, चक्रे फिरवते आणि कुंडलिका नदीत उतरते. कुंडलिका कोलाड आणि रोहा करीत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. म्हणजे जी नदी देवाने पूर्वेच्या समुद्राला दिली होती, तिचा मोठा वाटा माणसाने पश्चिमेच्या समुद्राला देऊन टाकला. पुस्तकातली रेघ जुनी होती आणि पोराचा मामा ताजा होता.

त्या दिवसापासून मनात एक खूळ शिरले. हे पाणी कुठवर जाते ते एकदा पायांनी जाऊन पाहावे. आणि त्यातही एक गंमत होती. भिऱ्याची दरी उतरून कुंडलिकेच्या काठाने गेले की जे गाव शेवटी लागते, ते काही साधेसुधे गाव नाही. ते चौल. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ज्याच्या बाजाराची कीर्ती साता समुद्रांपलीकडे होती, ते नगर. पाणी आज ज्या दिशेने उतरते, त्याच दिशेने एके काळी सह्याद्रीतली माणसे बाजाराला उतरत असत.

पौषातल्या एका पहाटे आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या वाडीतले तात्या. तात्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. पण डोंगर चढताना दम मला लागतो, त्यांना नाही. त्यांच्या आजोबांचे घर धरणाखाली गेले. तात्यांना ते घर ठाऊक आहे ते फक्त उन्हाळ्यापुरते. वैशाखात पाणी ओसरले की जुन्या खाचरांचे बांध आणि घरांची जोती वर येतात. त्यांतले एक जोते दाखवून तात्या म्हणतात, "हे आमचं." पहिल्या पावसात ते पुन्हा बुडते.

ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या पिंपरीपासून अंधारबनाची वाट धरली. नावाप्रमाणेच ते रान आहे. भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही. या रानातून हिर्डीला जायचे आणि तिथून दरी उतरून भिऱ्याला. सह्याद्रीच्या या कण्यावर अशा कितीतरी वाटा आहेत. सावळ्या घाट आहे, वाघजाईचा घाट आहे, सवाष्णीचा घाट आहे. आता त्यांना गिर्यारोहकांच्या वाटा म्हणतात. पण त्या काही हौसेसाठी पडलेल्या नाहीत. वाघजाईच्या घाटाखाली ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. लेणी कोरायला पैसा लागतो आणि भिक्षूंना भिक्षा लागते. जिथे वाट वाहती, तिथेच लेणे. घाटमाथ्यावरचे कोरीगड आणि घनगड हे किल्लेही या वाटांवर नजर ठेवायलाच उभे आहेत.

तात्यांना लेण्यांचे फारसे कौतुक नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, आमचा आजा मिठासाठी उतरायचा. खाली जाताना डोक्यावर तांदूळ आणि हिरडा, वर येताना मीठ आणि सुकट. दोन दिवस जायला, तीन दिवस यायला."

"यायला एक दिवस जास्त?"

"मीठ जड, आणि चढ."

इतिहासाच्या पुस्तकात ज्याला व्यापार म्हणतात, तो एवढ्या दोन शब्दांत मावतो. मीठ जड, आणि चढ.

या डोक्यावरच्या ओझ्याच्या वर आणखी एक पायरी होती, ती बैलांची. १५१६ च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा नावाच्या पोर्तुगीज माणसाने चौलच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. देशावरचे व्यापारी आपला माल लादलेल्या बैलांच्या तांड्यांवर घालून घाट उतरत. बैलांच्या पाठीवर आडव्या गोण्या असत आणि वीस-तीस बैलांमागे एक हाक्या चाले. हे तांडे थेट शहरात शिरत नसत. शहरापासून कोसभर अलीकडे ते तळ देत, तिथे पाले ठोकून बाजार मांडत, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत ही जत्रा चाले. बार्बोझाने महिने मोजून सांगितले, पण त्यांचे कारण मुळशीच्या कोणत्याही शेतकऱ्याला न सांगता कळेल. भात झोडून झाले, घाटातल्या निसरड्या वाळल्या, ओढ्यांचे पाणी उतरले आणि समुद्रही शांत झाला, की बाजाराचे दिवस. आमचेही पाय त्याच महिन्यात उचलले होते.

भिऱ्याला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत धावत होते. या दिवसांत सह्याद्रीतल्या नद्यांच्या पात्रात नुसते गोटे पडलेले असतात. ही मात्र दुथडी नसली तरी चांगली वाहती. पुढे कोलाडजवळ याच प्रवाहात शहरातली तरुण मुले रबरी नावांतून आरोळ्या ठोकीत जातात. वीजघरातून पाणी सुटायच्या वेळेवर त्यांचा खेळ चालतो. तात्या काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग वाकून त्यांनी ओंजळ भरली, तोंड धुतले आणि काही न बोलता पुढे चालू लागले.

हे पाणी इकडे आले कसे, ते इथेच सांगायला हवे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडायची योजना काढली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसरे भिऱ्याचे, आणि त्यासाठी निळा आणि मुळा यांच्या संगमावर धरण. त्यात पन्नासावर गावांच्या जमिनी जाणार होत्या आणि सुमारे अकरा हजार माणसे उठणार होती. जमीन आंबेमोहोराची. १९२१ साली १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. या लढ्यानेच त्यांना सेनापती ही पदवी दिली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. काम थांबले, पुन्हा सुरू झाले, बायाबापड्या तुरुंगात गेल्या. मोबदल्याचा पैसा आला तेव्हा त्याचा मोठा वाटा सावकारांकडे गेला, कारण जमिनी आधीच गहाण पडलेल्या होत्या. लढा विझत आला असता १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईकडे धावू लागली.

धरणे बांधायला माझा विरोध नाही. ज्या दिव्याखाली मी हे लिहितो, तो दिवाही कुठल्यातरी पाण्यावरच पेटत असेल. पण हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरावेत, एवढेच मुलांना शिकवलेले गणित सांगते.

तिसऱ्या दिवशी रोहा गाठले. पायी असे म्हणतो खरे, पण वाचकांशी खोटे कशाला बोलावे? मधला एक डांबरी टप्पा आम्ही एस.टी.ने केला. डांबरावर चालण्यात ना इतिहास असतो ना सावली.

रोहा हे नदीकाठचे बाजाराचे गाव. अलीकडे रोहा, पलीकडे अष्टमी, मधून कुंडलिका. भरतीबरोबर गलबते खाडीने वर येत आणि तांदूळ भरून मुंबईला जात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरात तांदळाची मोठी पेठ म्हणून याची नोंद आहे. गलबते गेली, पण पेठ आहे. नदीकडून बाजारात शिरलो आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसते चालत सुटलो. बाजार पाहायचा तर खिशात हात न घालता एक फेरी मारावी, मग दुसऱ्या फेरीला पिशवी उघडावी, असा माझा नेम आहे.

सुक्या मासळीचा वास आधी येतो आणि मासळी मागून दिसते. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या यांच्या राशी आणि त्यांच्यामागे पायावर पाय टाकून बसलेल्या कोळणी. एकीने मला नुसते निरखताना पाहून विचारले, "घ्यायचं आहे का मोजायचं आहे, दादा?" पुढे वालाच्या शेंगांचे ढीग. हे दिवस पोपटीचे. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा घालून शेतात जाळ करायचा, तो या मुलखाचा हिवाळी सण. कडेला जमिनीवरच फडके पसरून कातकरणी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे रानातले कंद, चार मोळ्या, मूठभर औषधी मुळ्या. बाजारातल्या सर्वांत लहान दुकानदार त्याच, आणि सर्वांत लांबून चालत आलेल्याही त्याच. बार्बोझाच्या वेळी त्या कुठे बसत असतील? बहुधा अशाच, कडेला.

तांदळाच्या एका दुकानापुढे तात्या थांबले. पोत्यात हात घालून त्यांनी दाणे तळहातावर घेतले. दुकानदार म्हणाला, "उन्हाळी भाताचा आहे, बाबा. आता कालव्यामुळे दोनदा पिकतं." कुठला कालवा, म्हणून मी विचारले. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेला, कुंडलिकेचा.

तात्यांनी दाणे दाताखाली फोडून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे आमच्या खाचरांवर उभं आहे तेच हे पाणी."

दुकानदाराला काही कळले नाही. मला कळले. आंबेमोहोराच्या जमिनीवर पाणी चढले, त्या पाण्याने आधी मुंबईचे कारखाने फिरवले, आणि उरलेले खाली येऊन रोह्याच्या शेतात दुसरे पीक काढते. एका खोऱ्याचे पहिले पीक गेले, दुसऱ्या खोऱ्यात दुसरे पीक आले. यात रोह्याच्या शेतकऱ्याचा दोष काय? तात्यांनी तरी तो काढला नाही. त्यांनी दोन किलो तांदूळ घेतला. भाव करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या वाडीत कोणी नाही. त्या दिवशी मात्र मागितला तेवढा पैसा दिला.

पुढच्या दिवशी खाडीच्या दक्षिण काठाने साळावला आलो. पूल ओलांडला की रेवदंडा. डाव्या हाताला, खाडीच्या मुखावर कोर्लईचा किल्ला. रेवदंड्यात शिरताना रस्ताच कोटाच्या दरवाजातून जातो. हे पोर्तुगिजांचे चौल. त्याच्या आत गाव आहे आणि गावाभोवती थोरले चौल, आपल्या लोकांचे, नारळी-पोफळींत बुडालेले.

हे नगर किती जुने? पहिल्या शतकात मिसर देशातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. तीत कल्याणनंतरच्या बाजारगावांत पहिले नाव 'सेमुल्ला' येते. कान्हेरीच्या लेण्यांत चेमूलच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटले. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहारांचा झंझ राज्य करीत होता. मसूदी सांगतो की या गावात दहा हजारांच्या घरात मुसलमान होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच लग्ने करून राहिलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. हजार वर्षांपूर्वीच्या कोकणी राजाला हे सुचले, कारण त्याला बाजार चालवायचा होता. परक्याला न्याय मिळाला नाही तर तो पुढच्या मोसमात दुसऱ्या बंदरात नांगर टाकतो.

१४६९ च्या सुमारास इथे अफनासी निकितीन उतरला, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. सोबत विकायला एक घोडा. त्याने लिहिले आहे की माणसे उघड्याने फिरतात आणि मी जाईन तिथे गोऱ्या माणसाचे नवल पाहायला मागे लागतात. बाजार पाहायला आलेला स्वतःच बाजारातला देखावा झाला! चौलहून तो पायी पालीला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. म्हणजे घाट चढणाऱ्याचे ओझे केवळ मिठाचेच नसे.

पुढे पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये याच खाडीत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला. १५२१ पासून निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी कोट बांधायला घेतला. १५८३ साली आलेला इंग्रज राल्फ फिच दोन चौलांचे वर्णन करतो, एक समुद्राकडचे तटबंदीचे आणि एक आतले. मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी भांडी असा माल त्याने पाहिला. इथले रेशीम विणणारे नावाजलेले होते.

मग हे सारे गेले कुठे? लढायांनी गेले, असे आपण सहज म्हणतो. मराठ्यांनी वसई घेतल्यावर १७४० मध्ये चौलही पोर्तुगिजांनी सोडले, हे खरे. पण बाजार त्याआधीच आटत चालला होता. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्रजांकडे गेली आणि १६६८ मध्ये कंपनीच्या हाती आली. खोल पाणी, सुरक्षित बंदर, कोणत्याही धर्माच्या व्यापाऱ्याला थारा. झंझ राजाची युक्ती आता मुंबईने उचलली. गलबते तिकडे वळली, मागोमाग पेढ्या वळल्या, त्यांच्यामागे कारागीर. चौल कोणी जाळले म्हणून संपले नाही. गिऱ्हाईक उठून गेले म्हणून संपले.

आम्ही चौलच्या पाखाड्यांतून दिवसभर हिंडलो. दगडी गडग्यांमधून अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना आगरे, पोफळीच्या दाट सावल्या. पूर्वी इथे विहिरीविहिरीवर रहाटगाडगी कुरकुरत. आता पंप घुरघुरतात. बाजार म्हणावा असा चौलच्या नाक्यावर. नारळ, सुपारी, शहाळी, भाजी, चार किराणा दुकाने. त्या मोठ्या नगराचे चौथरे झाडीत आहेत. एक जुने हमामखान्याचे घुमट, एक मोडका वाडा, तळ्यांच्या पायऱ्या. रामेश्वराच्या देवळात जमिनीखाली तीन कुंडे आहेत, अग्नीचे, वायूचे आणि पर्जन्याचे. अवर्षण पडले तर पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा होती. ज्या गावाचे सोने समुद्रावरून येई, त्या गावानेही देवाकडे मागितले ते पाणीच!

रेवदंड्याच्या कोटात एक उंच पडका मनोरा उभा आहे, त्याच्याभोवती माडांची बाग. गावात बेने इस्राएलांचे सिनेगॉगही आहे. तेलाचा घाणा चालवणारी आणि शनिवारी काम न करणारी, म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. रोहेकर, चेऊलकर, पेणकर अशी त्यांची आडनावे. त्यांतले बहुतेक आधी मुंबईला आणि १९४८ नंतर इस्राएलला गेले. गाव सुटले, आडनाव सुटले नाही. मोडलेल्या बाजारपेठा आता अशा माणसांच्या नावांत राहतात.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर बसलो. मुळेचे पाणी इथे खारे होत होते. तात्यांनी विचारले, "गुरुजी, मुंबई कुठल्या अंगाला?" मी उत्तरेकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "आमचा चुलता तिकडंच गेला होता. डबे पोचवायला."

तेव्हा मनातला गुंता सुटला. चौलचा बाजार मुंबईला गेला. रोह्याचा तांदूळ मुंबईला गेला. मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला गेली. आणि जमीन गेल्यावर मुळशी-मावळची माणसेही हमाली करायला, डबे वाहायला मुंबईलाच गेली. डोक्यावरचे मीठ उतरले आणि त्या जागी डबे आले, एवढाच फरक. बाजार मरत नाही, तो फक्त जागा बदलतो. पण जागा बदलण्याचा खर्च कोण देतो? व्यापारी देत नाही, तो पेढी हलवतो. राजा देत नाही, तो जकातीचे नाके हलवतो. तो खर्च देतो पायी चालणारा. चौलचा विणकर, खाडीवरचा तांडेल, मुळशीचा मावळा. त्याचे नाव कोणत्याही प्रवाशाच्या वहीत नाही. पण वाट मात्र त्याच्या पायांनी पडलेली असते.

परतताना आम्ही एस.टी.नेच आलो. ताम्हिणीचा घाट चढताना तात्यांच्या मांडीवर तांदळाची पिशवी होती. मी म्हटले, "तात्या, आजोबांना तीन दिवस लागायचे. आपण काही तासांत आलो."

ते म्हणाले, "त्याला यायला घर होतं, गुरुजी."

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. सुट्टी संपल्यावर वर्गात गेलो, फळा पुसला आणि मुळा पुन्हा काढली. या वेळी दोन रेघा काढल्या. एक पूर्वेला, पुस्तकातली. दुसरी पश्चिमेला. भिरा, कोलाड, रोहा, चौल. मागच्या बाकावरचा मुलगा खूश झाला. मग धरणाच्या जागी एक गोल काढला आणि मुलांना सांगितले, आपापल्या घरी जाऊन विचारा, या गोलाखाली आपले कोणते गाव होते. दुसऱ्या दिवशी तो गोल नावांनी भरून गेला. फळ्यावर जागा पुरली नाही, म्हणून शेवटची काही नावे मुलांनी बाहेरच्या बाजूला, काठावर लिहिली.